सुमनच्या नावावर थांबलेलं काम

सुमन, परवा दुपारी लाईट आली आणि तुझं छपाईचं मशीन पुन्हा घुरघुरलं. मी आत खाटेवर पडलो होतो. तोंडातून गेलं, "अगं, जेवून घे आधी, मग काढ कागद." आपली लेक वैशू गॅसपाशी उभी होती. तिनं नुसता गॅस बारीक केला. मग मला कळलं मी काय बोलून बसलो ते.

आपल्या कडाव गावात लाईट जाते आणि येते, त्यात नवं काही नाही. तू होतीस तेव्हाही लाईट आली की ते मशीन आपोआप जागं व्हायचं, आतले रूळ फिरवायचं, म्हाताऱ्यासारखं खाकरायचं आणि गप्प बसायचं. तेव्हा त्या आवाजाचं मला काही नव्हतं. आता तो आवाज आला की ओटीवर तुझी खुर्ची सरकल्यासारखी वाटते. मी उठून बघत नाही. बघितलं तर खुर्ची रिकामी दिसणार. नाही बघितलं तर निदान नक्की माहीत नाही.

भूतखेत आपण मानत नाही. विहारात पहिल्या रांगेत बसून हात वर करून तू तसं बोलायचीस आणि घरी येऊन मला ऐकवायचीस, "आत्मा-बित्मा काय नाय. दिवा इझला की इझला. इझून कुठं गेला असं इचारतं का कोन?" मी म्हणायचो, "मंग माझी आई सपनात येते ती कोन?" तू म्हणायचीस, "ती तुमची भूक. बोंबलाची चटणी खायाची झाली की येते." त्यावर मी हरलो असं कधी म्हटलं नाही. ते भांडण अर्धं ठेवून तू गेलीस, आणि आता तुझंच मशीन माझ्या बाजूनं साक्ष द्यायला लागलंय. ये आणि खोटं पाड.

वैशू म्हणाली, बोलवत नसेल तर लिहा. म्हणून तुझ्या बिघडलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे. चुका काढू नकोस.

मी जन्मभर भातगिरणी चालवली. मला पट्टा कळतो, तुसाचा वास कळतो, दगड लागला की आवाजावरून कळतो. तुझं काय चाललंय ते मला कळायचं नाही. ओटीवर आपण काउंटर घातला, वैशूनं जुना कॉम्प्युटर आणि हे प्रिंटर आणून दिलं, तेव्हा मला वाटलं चार दिवस हौस करशील आणि मग त्यावर पापड वाळत घालशील. पहिल्यांदा त्याच्यात चित्रं होती, बाण होता. बाण कुठंतरी अडकायचा, घड्याळ फिरत राहायचं, गिऱ्हाईक उभं आणि तू त्या पडद्याला शिव्या घालतेस. मग एका रविवारी वैशूनं सगळं पुसून दुसरं काहीतरी बसवलं आणि तुला काळा पडदा दाखवला. नुसता काळा. वर एक पांढरी रेघ लुकलुकतेय. ती म्हणाली, "आई, चित्राच्या नादी लागू नको. हितं अक्षरं लिहायची. जे सांगशील ते प्रिंटरला थेट जातं. काय अडलं तर काय अडलं तेपण तो सांगतो."

तुला ते आवडलं. मला आठवतंय, तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "बघा, मधला मुकादम गेला. आता थेट गड्याशी बोलायचं."

प्रिंटरला नाव द्यावं लागतं म्हणे. तू आपल्या मेलेल्या बैलाचं दिलंस, राजा. मी म्हणालो, "मशीनला बैलाचं नाव?" तू म्हणालीस, "दोघांची खोड एकच. नीट शब्दात सांगितल्याबिगर पाय उचलत नाय."

आणि नीट शब्दात म्हणजे तू तोंडानं पुटपुटायचीस. बोट आणि तोंड बरोबर चालायचं. "एल पी, जागा, रेघ आय, जागा, राजा..." जागा म्हणजे मधे सोडायची मोकळी जागा, रेघ म्हणजे आडवी रेघ. वर्षानुवर्षं मी काउंटरशेजारच्या बाकावर बसून तंबाखू मळली आणि ते ऐकलं. मला शिकवायला तू किती मागं लागलीस. मी म्हणायचो, "काळ्या पाटीवर पांढऱ्या मुंग्या, माझ्या डोळ्याला दिसत नाय." खरं तर दिसत होतं. मला बाकावर बसायला आवडायचं, दुसरं काही नाही. तुला ते कळत होतं, म्हणून तू पण जास्त ताणलं नाहीस.

तुझी एक रीत होती, तिच्यावरून आपली रोज जुंपायची. कुणी काम सांगून गेला की तू ते तयार करायचीस, राजाकडे पाठवायचीस, आणि पाठवतानाच त्याला थांबवून ठेवायचीस. होल्ड. कागद काढायचा नाही. काम रांगेत उभं, पुढं तुझं नाव, आणि राजा गप्प. गिऱ्हाईक काउंटरला येऊन उभं राहिलं की मग सोडायचं. म्हणजे ज्याचा कागद त्याच्या डोळ्यांदेखत गरम गरम बाहेर पडायचा. तू तोंड पडद्याकडे करून बसलेली, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे. मी बाकावरून ओरडायचो, "आली गं कासाबाई. सोड." की तू पुटपुटायचीस आणि राजा उठायचा.

मला ते पटत नव्हतं. गिरणीत पोती रांगेला लागतात. ज्याचं पोतं त्याचा मालक हजर नसला तर मी ते पायानं बाजूला सारून पुढचं घ्यायचो. दोनदा आला नाही तर पोतं बाहेर. मी म्हणायचो, "सुमन, जो येत नाय त्याचं काम काढून टाक रांगेतनं. उगा गर्दी." तू म्हणायचीस, "काढायचा शब्द मला येतो. पर त्यानं सांगितलंय. तो येनार."

"आणि नाय आला तर?"

"तर ऱ्हाईल उभं. त्याला काय चारा लागतो?"

एवढं बोललीस की हसायचीस. आता मला त्या वाक्यानं झोप येत नाही.

गेलीस त्या दिवसाचं मी लिहिणार नाही. छातीत पित्त झालंय म्हणालीस, खुर्ची मागं सारलीस, पडदा तसाच ठेवलास. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

वैशू आली. रडून झालं, लोक येऊन गेले. मग पुण्यानुमोदनाची पत्रिका काढायची वेळ आली. सुमन, या गावातल्या आणि आजूबाजूच्या कितीतरी लोकांच्या पत्रिका तू काढल्यास. कालकथित हा शब्द लिहून लिहून तुझ्या बोटांना पाठ झाला होता. तू म्हणायचीस, तेवढा एक शब्द मला न बघता येतो. आता तो तुझ्या नावाआधी लावायचा होता. वैशूनं तू केलेल्या एका जुन्या पत्रिकेवर तुझं नाव घातलं, तारीख घातली, खाली विनीत म्हणून माझं नाव. फाईलला नाव दिलं आई. मग तिनं राजाला सांगितलं, काढ.

राजानं काढली. पिवळ्या कागदावर.

आम्ही दोघं बघत राहिलो. साधा पिवळा कागद नव्हता तो. स्टिकरचा होता, मागं गोंद असलेला, आणि आधीच चौकोन चौकोन कापलेला. पत्रिका त्या चौकोनांवर पसरली होती. कालकथित एका चौकोनात पडलं होतं आणि तू दुसऱ्यात. माझं नाव मधोमध चिरलं होतं.

वैशू रडायला लागली. म्हणाली, "आईला काढायचीच नाय ही पत्रिका." मी तिला ओरडलो, असलं बोलायचं नाही म्हणून. पण माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. तू आयुष्यात राजाच्या पोटात असला कागद कधी विसरून ठेवला नव्हतास. कागद बदलला की लगेच पांढरा परत घालायचीस.

मी त्या तावावरून तुझा चौकोन सोलला. नुसता सुमन लिहिलेला. कालकथित तसंच तावावर राहू दिलं. चौकोन खाटेच्या खांबाला चिकटवला. तिथंच आहे अजून.

मग वैशूनं काळ्या पडद्यावर विचारलं, रांगेत काय आहे. एल पी स्टॅट. आणि ते आलं. राजा, त्याच्या शेपटीला नंबर, आणि पुढं इंग्रजीत तुझं नाव. एस यू एम ए एन. मला गिरणीच्या पोत्यांवरची, ट्रकच्या पाठीवरची अक्षरं वाचून वाचून इंग्रजी अक्षरं येतात, तुला माहीत आहे. मी बोट ठेवून वाचलं. तू अजून रांगेत उभी होतीस.

"आईनं काहीतरी थांबवून ठेवलंय," वैशू म्हणाली. "कुणाचं काय माहीत. आतला मजकूर हितनं दिसत नाय. मी कॅन्सल करते बाबा, आनि ट्रेतला कागद काढून पांढरा घालते."

"हात लावू नको."

"आवो, मंग पत्रिका कशी काढायची?"

"हात लावू नको म्हणून सांगितलं ना."

तिनं मशीन बंद करून चालू केलं. माझ्यासमोर. पुन्हा विचारलं. पुन्हा तुझं नाव. ती म्हणाली, "हे जात नसतं बाबा, सोडेपर्यंत नायतर काढेपर्यंत. मशीनची रीत हाय ती. आई नाय हाय हितं." मला ते कळत होतं गं. मी काय खुळा आहे? पण जगात सगळीकडे तुझ्या नावाआधी कालकथित लागलं होतं. रुग्णालयाच्या कागदावर तू नव्हतीस, रेशनकार्डातून तुला काढायला सांगत होते. एका त्या काळ्या पडद्यावर नुसती सुमन होती, आणि काम हातात घेऊन गिऱ्हाइकाची वाट बघत होती. ते काढायचं म्हणजे मीच पायानं पोतं बाजूला सारायचं.

आणि ट्रेतला तो पिवळा कागद तुझ्या हातानं लावलेला. शेवटचा. तोही मी काढू देत नव्हतो.

म्हणून पत्रिका अडली. वैशू म्हणाली कर्जतला छापून आणते, बाजारपेठेत पाच मिनिटांत होतं. मी म्हणालो, जिनं सगळ्या तालुक्याच्या पत्रिका काढल्या तिची परक्या मशीनवर काढायची? ती म्हणाली, मग मोबाईलवर पाठवू सगळ्यांना. मी म्हणालो, तुझ्या आत्याकडे मोबाईल आहे तो ऐकण्यापुरता, तिला पत्रिका हातात लागते. मग ती चिडली. म्हणाली, "पुण्यानुमोदनाचा दिवस आला तरी तुमी असंच बसनार? आईच्या नावानं आईलाच अडवून ठेवलंय तुमी." सुमन, तुझी मुलगी तुझ्यासारखीच बोलते, नेमकं हाडावर. मी बाकावर जाऊन बसलो. ती पिशवी घेऊन कर्जतला फुलं आणि मेणबत्त्या आणायला गेली. दार आपटलं नाही, एवढं माझं नशीब.

तेवढ्यात हमीदाबाई आली.

तुझी हमीदा, शिळफाट्याजवळची, लिंबाचं लोणचं घालणारी. मुलीच्या बाळंतपणाला म्हसळ्याकडे गेली होती, तिला काही कळलं नव्हतं. रिक्षातून उतरली, ओढणीनं तोंड पुसलं आणि काउंटरला दोन्ही कोपरं टेकून उभी राहिली, नेहमीसारखी. आत डोकावून म्हणाली, "सुमनताई कुठं हाय? तिला सांगा आली म्हनून. लई दिवस थांबवलं मी तिला."

मी काय बोलावं? सगळ्यांना सांगताना दुसरं कुणीतरी बोललं होतं. मी एकट्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. मी म्हणालो, "बस."

"बसायला येळ नाय दादा. बरन्या भरून ठेवल्यात. स्टिकर घेते आनि तशीच जाते." मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "असे का बसलाव? ताई कुठं हाय?"

"सुमन गेली, हमीदाबाई."

"कुठं गेली?"

मी खाली बघितलं. तेव्हा तिला कळलं. ती काउंटरवरून हळूहळू खाली सरकली आणि पायरीवर बसली. मोठ्यानं रडली नाही. त्यांच्यात कुणी गेलं की म्हणतात ते काहीतरी पुटपुटली. मग रस्त्याकडे तोंड करून बसली. दुधाच्या गाडीवाला थांबला, काय झालं म्हणाला, मी त्याला हातानं जा म्हटलं.

मग तीच बोलली. "माज्याशी भांडून गेली, दादा."

मी म्हणालो, "माझ्याशी पन."

"शिळफाट्याचा तो दुकानदार म्हनला, बाई, माल चांगला हाय तुमचा, पर बरनीवर नाव घालू नका. नाव वाचून कोन उचलनार नाय. नुसतं घरगुती लोनचं लिवा. मी ताईला तसं सांगितलं. ताई अशी उखडली!" ती पायरीवर बसल्या बसल्या तुझ्यासारखी मान ताठ करून बोलायला लागली. "म्हनते, नाव झाकून आमच्या बापजाद्यांनी काय मिळवलं? लिंबं तू चिरायची, मीठ तू लावायचं, उन्हात बरन्या तू फिरवायच्या, आनि बरनी निनावी? मी म्हनलं, ताई, तुजं म्हननं खरं हाय पर मला विकायचंय. तर म्हनली, बरं, करून ठेवते. पिवळा कागद घालून ठेवते मशीनमदी. तू समोर उभी ऱ्हायलीस की सोडते."

पिवळा कागद.

सुमन, मी वळून ट्रेकडे बघितलं. तू विसरली नव्हतीस. तू पत्रिका अडवत नव्हतीस. तू हमीदाचा कागद लावून बसली होतीस, आणि आम्ही मधे घुसून तुझ्या लोणच्याच्या कागदावर तुझी मरणाची पत्रिका छापली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "रांग मोडायची खोड जाईना यांची."

हमीदाबाई उठली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दादा. मी हातानं लिवीन. तुमी कशाला तरास घेताव." आणि चपला घालायला लागली.

आता सांगतो मला काय वाटलं ते. मला वाटलं, जाऊ दे. तिची ती लिहील हातानं. काम रांगेत राहील, तुझं नाव राहील, लाईट येईल तेव्हा राजा खाकरेल आणि मी खाटेवरून तुला हाक मारीन. ते मला जमलं असतं. तिच्या पायात एक चप्पल होती, दुसरी ती बोटानं शोधत होती. आणि माझ्या मनात आलं, तू इतके दिवस कुणासाठी उभी आहेस? माझ्यासाठी नाही. या बाईसाठी. ती आलीय, समोर उभी आहे, आणि तिला मागं फिरवतोय कोण, तर ज्याचं काम ओरडून सांगायचं होतं तो.

मी म्हणालो, "हमीदाबाई, थांब. हितंच उभी ऱ्हा. काउंटरला."

मी तुझ्या खुर्चीत बसलो. पहिल्यांदा. खुर्ची तुझ्या बाजूला कललेली आहे, मला माहीत नव्हतं. काळा पडदा समोर, रेघ लुकलुकतेय. मला कुणी शिकवलं नव्हतं, पण कानाला पाठ होतं. मी मोठ्यानं म्हणायला लागलो आणि एकेक अक्षर शोधून दाबायला लागलो. एल. पी. जागा. रेघ, आय. जागा. राजा आणि त्याचा नंबर, वरून बघून. जागा. रेघ, एच. जागा. रेझ्यूम, म्हणजे सोड, त्याची अक्षरं तू फोडून म्हणायचीस म्हणून आली. आणि मोठं बटण दाबलं.

राजा हलला नाही. इंग्रजीत एक ओळ माझ्या तोंडावर फेकली.

"काय झालं?" हमीदाबाई म्हणाली.

"ऐकत नाय."

"तुमी रागानं दाबलं असंल."

मी डोळे मिटले. तुला बघितलं. तू त्या जागेपाशी आलीस की तुझी डावी करंगळी लांब व्हायची, खालच्या कोपऱ्यातल्या एका बटणावर, आणि ती तिथं दाबून ठेवून तू दुसऱ्या हातानं एच मारायचीस. आणि तोंडानं म्हणायचीस, "मोठा एच." मोठा. तो शब्द मी खाल्ला होता. इतकी वर्षं ऐकून नेमका तेवढाच.

पुन्हा सुरुवातीपासून. करंगळी लांब केली. माझी करंगळी गिरणीच्या पट्ट्यात गेलेली, अर्धी आहे, पोचेना. मग अंगठ्यानं दाबलं. मोठा एच. रेझ्यूम.

राजा उठला. आत दिवा लागला, रूळ फिरले, कागद ओढला. हमीदाबाई काउंटरवर पार ओणवी झाली. पिवळा ताव बाहेर आला आणि माझ्या हातात गरम लागला. त्या गरम कागदाला आपण दोघं हात लावायचो, थंडीत, आठवतंय? तू म्हणायचीस, राजाच्या पाठीसारखा लागतो.

प्रत्येक चौकोन बरोबर कापाच्या आत बसला होता. पानासकट लिंबू काढलं होतंस. खाली घरगुती लिंबाचं लोणचं. बरणी हलवून घ्यावी. आणि सगळ्यात वर, लिंबापेक्षा मोठं, हमीदाबाई यांचे.

तिनं वाचलं. तिला वाचता येतं, हळू येतं. वाचून झाल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, खरं रडली तेव्हा. "ऐकलं नाय बघा शेवटी," म्हणाली. "गेली तरी ऐकलं नाय माजं."

"लावनार का मंग?" मी विचारलं.

"आता न लावून कुनाला सांगू? भांडायला ती हाय का?" तिनं ताव पिशवीत नीट सपाट ठेवला, वर ओढणी घातली. जाताना म्हणाली, "दुकानदारानं नाय घेतल्या तर रस्त्यावर बसून विकीन. नाव बघू दे लोकांना."

ती गेली. सुमन, तो दुकानदार काय करील मला माहीत नाही. तुझं नेहमीचं होतं, तू म्हणायचीस ते बरोबर असायचं आणि निस्तरायला दुसरं कुणीतरी असायचं. पण त्या बाईची पाठ मी रिक्षापर्यंत बघितली. ती आली तेव्हापेक्षा ताठ होती.

मग मी पडद्यावर विचारलं. एल पी स्टॅट. काहीच आलं नाही. नुसती रेघ लुकलुकत राहिली. रांग संपली होती. तुझं नाव गेलं होतं.

मला असं वाटलं, मी आता दुसऱ्यांदा सोडून आलो तुला. ओटीवर ऊन होतं, रस्त्यानं शाळेची पोरं जात होती, सगळं तसंच होतं आणि मला त्या खुर्चीतून उठता येईना. तू म्हणालेली ती गोष्ट खरी वाटली. दिवा विझला की विझला. कुठं गेला विचारायचं नाही.

मग म्हटलं, हमीदाचं झालं, आता तुझं काम तुंबलंय, ते करावं. ट्रे ओढला. उरलेला पिवळा कागद काढला, पांढरा घातला, तू घालायचीस तसा, आधी कडा टेबलावर ठोकून. आणि तुझ्या रितीनं पाठवलं. आधी थांबवून. एल पी, जागा, रेघ, मोठा एच, जागा, होल्ड, जागा, आणि वैशूनं ठेवलेलं नाव. आई. टिंब, पीडीएफ.

मग विचारलं, रांगेत काय आहे.

राजा. नवा नंबर. आणि पुढं, एस यू एम ए एन.

मी बोट ठेवून दोनदा वाचलं. ते कॉम्प्युटरचं मशीन तुझ्या नावानं उघडतं गं. त्याला कोण बसलंय ते दिसत नाही. खुर्चीत मी असो, वैशू असो, जो सांगेल त्याचं काम ते तुझ्या नावावर मांडतं. आत्मा-बित्मा काही नाही त्यात. तू बरोबर होतीस. आणि तरी तुझी स्वतःची पत्रिका तूच रांगेला लावून, तूच थांबवून, गिऱ्हाइकाची वाट बघत उभी होतीस. मीही बरोबर होतो.

मी उठलो. काउंटरची फळी उचलून बाहेर गेलो. हमीदाबाई उभी राहिली होती तिथं उभा राहिलो, कोपरं टेकली. आत बघितलं. इतके दिवस बघत नव्हतो ते आज बघितलं. खुर्ची रिकामी होती, डावीकडे कललेली. तंबाखूचा बाक रिकामा होता. सांगणारं कुणी नव्हतं म्हणून मीच ओरडलो, "आलोय गं. सोड."

मग आत येऊन बसलो आणि अंगठा त्या बटणावर ठेवला.

पांढऱ्या कागदावर आलीस. अख्खी. कालकथित आणि तू एका ओळीत, मधे कुठं चीर नाही. मी कागद दोन्ही हातांत धरला, गार होईपर्यंत.

वैशू फुलं घेऊन आली तेव्हा मी बसलेलोच होतो. तिनं काउंटरवर पत्रिका बघितल्या, पडद्याकडे बघितलं. चहा ठेवला. मग माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "बाबा, असं एकेक काढायची गरज नाय. रेघ एन लिवायचं आनि फुडं किती पायजेत तो आकडा. एका दमात सगळ्या येतात."

मला माहीत आहे. तू तसंच काढायचीस, लग्नाच्या असल्या म्हणजे. कानाला पाठ आहे तेही.

मी एकेक काढतोय. एक थांबवतो, बघतो तू आहेस का, आणि सोडतो. मग पुढची.